सल्ला हवा आहे: ज्येष्ठांच्या श्रवणगटासाठी जॉन प्राइन यांची कोणती गाणी निवडावीत?

धागालेखिका:

शिकागोच्या पश्चिम उपनगरात आम्हा मराठी कुटुंबांचा एक छोटा श्रवणगट आहे. मुलांकडे राहायला आलेले आईवडील त्यात अधिक आहेत. आजवर आम्ही बहुतेक आपल्याकडचेच गायक ऐकले. आता ज्या भूमीवर राहतो तेथील एखादा गीतकार-गायक ऐकावा, असे सर्वांनी ठरवले. जॉन प्राइन यांचा जन्म १९४६ मध्ये येथून जवळच असलेल्या मेवूडचा आणि गाणी कंट्री व फोक या अमेरिकी गानशैलींच्या सीमेवरची, साध्या इंग्रजीतली. म्हणून त्यांचे नाव सुचले. साधारण दीड तासाचा कार्यक्रम आहे. मंडळींना इंग्रजी उत्तम वाचता येते, परंतु गाण्यातले उच्चार पटकन कळत नाहीत. कोठून सुरुवात करावी, आणि वृद्धांच्या एकाकीपणावरचे 'हॅलो इन देअर' हे त्यांचे गाणे अशा गटात लावणे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी_रेकॉर्ड:

माझे स्पष्ट मत असे आहे की 'निवडक प्राइन' अशा कोणत्याही संग्रहाकडे न वळता १९७१ च्या त्यांच्या पहिल्याच अल्बमपासून सुरुवात करावी. तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे होते, त्याआधी सैन्यातली नोकरी संपवून टपाल वाटण्याचे काम करत असत आणि त्यातली बरीच गाणी त्यांनी पत्रे वाटत चालता चालता मनात रचली होती. शिकागोतील 'फिफ्थ पेग' नावाच्या लहानशा ठिकाणी ते गात असताना पुढे चित्रपट समीक्षक म्हणून ख्यातनाम झालेल्या रॉजर इबर्ट यांनी १९७० मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला, आणि त्या लेखाने या 'गाणाऱ्या पोस्टमन'कडे गावाचे लक्ष वेधले. पुढच्या वर्षी त्यांचे मित्र स्टीव्ह गुडमन यांनी गीतकार-गायक क्रिस क्रिस्टोफरसन यांना रात्री उशिरा प्राइन यांचे गाणे ऐकायला आणले, तेव्हा खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवून झालेल्या होत्या. त्या रिकाम्या दालनात प्राइन यांनी गायलेल्या गाण्यांतून त्यांचा ध्वनिमुद्रणाचा मार्ग खुला झाला.

'हॅलो इन देअर' अवश्य लावावे. शाळकरी वयात प्राइन एका मित्राला मदत म्हणून वृद्धाश्रमात वर्तमानपत्रे टाकायला जात असत आणि तेथील काही रहिवासी इतरांसमोर, हा माझा नातूच भेटायला आला आहे, असे भासवत असत. ही आठवण त्यांनी स्वतः सांगितलेली आहे, आणि ती ठाऊक असली की गाण्यातल्या वृद्ध नवऱ्याचे बोलणे वेगळ्याच रीतीने कानावर येते. मुले दूरदूरच्या गावी पांगलेली, एक मुलगा कोरियाच्या युद्धात गेलेला, कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन करावा तर बोलायला काही नाही: एवढ्या चार-सहा तपशिलांवर गाणे उभे आहे, त्यात दया मागणारा एकही शब्द नाही. म्हणूनच ते आपल्या गटाला दुखावणार नाही, असे मला मनापासून वाटते. दया दाखवणारे गाणे असते तर मी ते लावू नका असेच सांगितले असते.

त्याच अल्बममधील 'एंजल फ्रॉम मॉन्टगोमेरी' हे दुसरे. एका तरुण पुरुषाने थकलेल्या संसारी बाईच्या तोंडून लिहिलेले हे गाणे ऐकताना स्वयंपाकघरात घोंघावणाऱ्या माश्या आणि संध्याकाळी घरी येऊन एक शब्दही न बोलणारा नवरा डोळ्यांसमोर येतो. १९७४ मध्ये गायिका बॉनी रेट यांनी ते गायले आणि बहुसंख्य श्रोते ते त्यांच्याच आवाजात ओळखतात. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकवाव्यात, आधी प्राइन यांची. युद्धावरून व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकाचे 'सॅम स्टोन' मात्र मी या पहिल्या बैठकीत ठेवणार नाही. ते थोर आहे, पण त्यानंतर दुसरे काही ऐकण्याची मनःस्थिती उरत नाही.

वणीकर:

वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु सुरुवात 'पॅरडाइस'ने करावी, असे सुचवतो. प्राइन यांचे आईवडील पश्चिम केंटकीतील म्युलनबर्ग परगण्यातले; पॅरडाइस हे ग्रीन नदीकाठचे गाव त्यांनी लहानपणी सुट्टीत पाहिलेले. परिसरात उघड्या कोळसा खाणी आल्या, जवळच टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सरकारी संस्थेचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले आणि १९६० च्या दशकात गावच नाहीसे झाले. गाण्यात मुलगा वडिलांना त्या गावी न्या म्हणून विनवतो आणि वडील सांगतात की आता उशीर झाला, गाव कोळशाच्या गाडीतून गेले. आमच्या वणी-चंद्रपूरच्या बाजूला खाणींसाठी उठलेली गावे मी पाहिलेली असल्याने मला या गाण्याचे विवरण कोणी करून द्यावे लागले नाही, आणि आपल्या गटातही गाव सुटलेली माणसे असणारच. चाल सोपी आहे, ध्रुवपद दुसऱ्या वेळी सर्वांना म्हणता येते. अवघड विषयाकडे जाण्याआधी मंडळी एकत्र गातील, हा त्याचा मोठा लाभ आहे.

धागालेखिका:

दोघांचेही आभार. 'पॅरडाइस' प्रथम, मग 'एंजल', शेवटी 'हॅलो इन देअर' असा क्रम ठेवते. प्राइन यांच्या उत्तरायुष्यातले काही घ्यावे का?

जुनी_रेकॉर्ड:

क्रम उत्तम आहे. गाणे लावण्याआधी शब्द मोठ्या अक्षरांत छापून हाती द्यावेत आणि कोणीतरी ते संथपणे वाचून दाखवावेत. प्राइन यांच्या बाबतीत चालीइतकेच वाक्य महत्त्वाचे असते.

उत्तरायुष्यातले अवश्य घ्यावे, कारण त्यांचा आवाजच बदलला. १९९८ मध्ये मानेच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झाल्यावर तो खोल आणि खरबरीत झाला, तरी १९९९ मध्ये त्यांनी आयरिस डिमेंट आणि इतर गायिकांसह 'इन स्पाइट ऑफ अवरसेल्व्ज' हा युगुलगीतांचा अल्बम काढला. त्यातले शीर्षकगीत त्यांचे स्वतःचे आहे. एकमेकांचे दोष पुरते ठाऊक असलेल्या नवरा-बायकोचे ते गाणे आहे, काही शब्द मोकळे आहेत, तेव्हा आधी स्वतः ऐकून ठरवावे. २०१८ चा 'द ट्री ऑफ फर्गिव्हनेस' हा त्यांच्या हयातीतला अखेरचा अल्बम. त्यातील 'समर्स एंड' या गाण्यात घरी परत ये एवढेच साधे आर्जव आहे, आणि तोच जुना गळा असता तर ते इतके खरे वाटले नसते, असे मी मानतो. ७ एप्रिल २०२० रोजी नॅशव्हिल येथे कोविडने त्यांचे निधन झाले.

प्रभावाबद्दल कोणी विचारले, तर 'ओह बॉय' या त्यांच्या स्वतःच्या कंपनीची गोष्ट सांगावी. मोठ्या कंपन्यांना रामराम ठोकून १९८१ मध्ये त्यांनी ती सहकाऱ्यांसह काढली आणि पुढच्या अल्बमसाठी श्रोत्यांनी आगाऊ धनादेश टपालाने पाठवले. आपल्या गाण्यांची मालकी आपल्याकडे ठेवून जगता येते, हे त्यांनी करून दाखवले. जेसन इस्बेल आणि ब्रँडी कार्लाइल यांच्यासारखे नंतरचे गीतकार त्यांचे ऋण उघडपणे मान्य करतात. केंटकीच्या केल्सी वॉल्डन यांना तर २०१९ मध्ये त्याच कंपनीने घेतले. पुढच्या बैठकीसाठी वॉल्डन यांचे एखादे गाणे राखून ठेवावे. शिवाय आपण शिकागोजवळच आहात, तर प्राइन जेथे गिटार शिकले ते 'ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक' आजही चालू आहे आणि तेथील वर्ग सर्वसामान्य प्रौढांसाठी खुले असतात. गटातील कोणाला हातात वाद्य घ्यावेसे वाटले, तर तेथे चौकशी करावी.