वेष्टनाच्या कचऱ्याचा खर्च उत्पादकानं उचलावा का?

धागाकर्ता:
माल विकला की कंपनी मोकळी. वेष्टन दोन मिनिटांत फाटतं. ते उचलणं, निवडणं, पुरणं किंवा जाळणं मात्र नगरपालिकेच्या गळ्यात, म्हणजे करदात्याच्या. ज्यानं ती वस्तू कधी घेतलीच नाही, तोही पैसे भरतो. वेष्टन कसलं असावं हे कंपनी ठरवते, तर निस्तरण्याचा खर्चही तिनंच द्यावा. मागणी काही नवी नाही. स्वीडनचे संशोधक थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये 'विस्तारित उत्पादक जबाबदारी' ही कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये जर्मनीनं वेष्टनांसाठी तसा नियमही केला.

प्रतिसाद १:
असहमत. कंपनी पदरचं काही घालणार नाही, किमतीत चढवेल. ज्याला एकदम मोठा पुडा परवडत नाही तो छोट्या पुड्या घेतो, आणि मालाच्या मानानं वेष्टन त्यातच जास्त असतं. म्हणजे भुर्दंड गरिबालाच.

धागाकर्ता:
किंमत थोडी चढेल, हे मान्य. पण आज तोच खर्च करात दडलाय. किमतीत आला तर कमी वेष्टनाचा माल स्वस्त पडेल आणि कंपनीला ते बदलावंसं वाटेल. करातून पैसे गेले तर तिला कशाचीच झळ लागत नाही.

प्रतिसाद २:
मी कचरा वर्गीकरण केंद्रावर काम केलंय, म्हणून कचऱ्याच्या सरकत्या पट्ट्यावर काय दिसतं ते सांगतो. यंत्र इन्फ्रारेड किरण टाकून प्लास्टिक ओळखतं. ट्रे काळा करायला प्लास्टिकमध्ये मिसळलेली काजळी ते किरण गिळून टाकते, त्यामुळे यंत्राच्या लेखी ट्रे नसतोच. चांगलं प्लास्टिक थेट टाकाऊ ढिगात. दुसरं म्हणजे बाटली. बाटली पीईटी नावाच्या प्लास्टिकची, पण गळ्यापासून बुडापर्यंत दुसऱ्याच प्लास्टिकचं छापील आवरण. यंत्र आवरण वाचतं आणि बाटली भलत्याच ढिगात पडते. चकचकीत पुडीत तर प्लास्टिक, अॅल्युमिनियम, पुन्हा प्लास्टिक असे थर एकमेकांना चिकटवलेले. नखानं सोलून बघा, सुटतात का! या तिन्ही गोष्टी कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेल्या असतात. शुल्क तिथे बसलं पाहिजे.

प्रतिसाद ३:
तत्त्व पटतं, पण शुल्क वजनावर लावलं तर काय होईल? काचेची बाटली जड म्हणून तिला जबर आकार. वर म्हटलेली पुडी काही ग्रॅमांची, ती जवळजवळ फुकटात सुटेल. म्हणजे पुन्हा भरता येणाऱ्या बाटलीला शिक्षा आणि कशातच न जिरणाऱ्या पुडीला बक्षीस. जर्मनीचं उदाहरण दिलंत, तर १९९३ चंही सांगा. गोळा झालेलं प्लास्टिक पेलण्याएवढे कारखानेच नव्हते. माल परदेशात गेला, आणि वेष्टनं गोळा करण्याची व्यवस्था चालवणारी संस्था दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. तिथे वेष्टनावर छापल्या जाणाऱ्या हिरव्या चिन्हाचा अर्थ फक्त 'शुल्क भरलं' एवढाच होता. लोक मात्र समजायचे की याचा पुनर्वापर होतो.

धागाकर्ता:
वजनाचा मुद्दा माझ्या मांडणीत सुटला होता, तो बिनशर्त मान्य. फ्रान्समध्ये पुनर्वापरात अडथळा आणणाऱ्या वेष्टनाला जास्त शुल्क आणि सोप्याला सूट, अशी पद्धत आहे. मला तशीच हवी. त्याशिवाय उत्पादकाची जबाबदारी म्हणजे आणखी एक कर होईल, एवढंच.

प्रतिसाद ४:
सगळे यंत्राबद्दल बोलताय. जगात कितीतरी ठिकाणी हे काम यंत्र करत नाही, माणसं करतात. कचरा वेचून ज्यांचं घर चालतं, त्यांची कमाई बाटली आणि पुठ्ठ्यावर असते. शुल्काच्या पैशातून कंपन्यांचे ठेकेदार आले की ते आधी हाच माल उचलतील, आणि वेचणाऱ्यांच्या पोत्यात उरतील त्या चकचकीत पुड्या, ज्यांना भंगारवाला हातही लावत नाही. त्या शुल्कातला किती वाटा वेचणाऱ्यांच्या मजुरीला जाईल, ते नियमात लिहा. मग माझा पाठिंबा धरा.