फ्रेंच किल्लेबांधणीतले शब्द इंग्रजीत कसे न्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी फ्रेंचमधून इंग्रजीत भाषांतरं करते. सध्या हातात एका प्रदर्शनाच्या फलकांचं काम आहे. विषय फ्रान्समधली लष्करी बांधकामं, आणि त्याचे तीन भाग आहेत: चौदाव्या शतकातला व्हँसेनचा किल्ला, चौदाव्या लुईचा किल्लेबांधणी अभियंता व्होबाँ याने वसवलेलं नफ-ब्रिझाक, आणि विसाव्या शतकात फ्रान्सने जर्मन सीमेवर उभारलेल्या माजिनो संरक्षणरेषेवरचं शोननबुर. फलक सामान्य प्रेक्षकांसाठी आहेत. तळटीप चालणार नाही, फ्रेंच शब्द तिरक्या ठशात तसाच ठेवलेलाही चालणार नाही. शब्दकोश आहेत, पण ते एका शब्दाला चार पर्याय देतात आणि कोणत्या काळातल्या किल्ल्याला कोणता, ते सांगत नाहीत. इथे किल्ले पायाखाली घातलेले, सैन्यात नोकरी केलेले, परदेशात राहून दोन्ही भाषा रोज वापरणारे लोक आहेत, म्हणून धागा काढतेय.

व्हँसेनपुरतं बरंचसं ठरलंय, तरी कोणी नजर घालावी. 'दोंजों' म्हणजे कीप. डन्जन लिहिलं तर इंग्रजी वाचकाला तळघरातली अंधारकोठडी दिसते, आणि इथे पन्नासेक मीटर उंच मनोरा आहे. 'मर्त्रिएर'ही तसाच फसवा. मर्डर होल लिहायचा मोह होतो, पण इंग्रजीत मर्डर होल म्हणजे दरवाजाच्या बोळाच्या छतातलं भोक, ज्यातून खाली अडकलेल्या शत्रूवर मारा करायचा. मर्त्रिएर म्हणजे भिंतीतली अरुंद फट, आपली जंगी. बाणांसाठीची असेल तर अ‍ॅरो-लूप आणि बंदुकीसाठीची असेल तर लूपहोल, असं करणार आहे. मूळ मजकुरात काळ स्पष्ट नसेल तिथे नुसतं लूपहोल चालेल ना?

खरं अडलंय ते नफ-ब्रिझाकला. १६९७ च्या रिस्विकच्या तहात ऱ्हाईनच्या पूर्वेकडचं ब्रायझाख फ्रान्सला सोडावं लागलं, म्हणून चौदाव्या लुईने पश्चिमेकडे नवं ठाणं बांधायचं काम व्होबाँवर सोपवलं. सपाट जमीन, अष्टकोनी गाव, आणि तटबंदीच्या दोन रांगा. आतली 'आंसँत द स्यूर्ते' (शब्दशः सुरक्षेचा तट), तिच्या कोपऱ्यांवर 'तूर बास्तियोने', म्हणजे बुरुजाच्या आकाराचे मनोरे, आत तोफांसाठी कमानदार खोल्या. बाहेरची 'आंसँत द कोंबा' (लढाईचा तट), तिच्यात त्या मनोऱ्यांपुढे खंदकात सुटे उभे असलेले 'काँत्र-गार्द'. लढाई बाहेरच्या रांगेत व्हावी आणि ती पडली तरी गावाभोवतीची आतली रांग शाबूत राहावी, असा हिशेब. तूर बास्तियोनेला बॅस्टियन टॉवर आणि काँत्र-गार्दला काउंटरगार्ड हे सरळ आहे. पण स्यूर्तेचं काय करू? 'सेफ्टी' म्हटलं की कारखान्यातल्या सूचनांची भाषा होते.

मग 'शमँ कुव्हेर'. इंग्रजीत कव्हर्ड वे, जुन्या पुस्तकांत कव्हर्ट वे. पण या वाटेवर छप्पर नसतंच! खंदकाच्या बाहेरच्या काठावरून ही वाट जाते. तिच्या बाहेरच्या अंगाला मातीचा उतार असतो, ग्लासी, आणि त्याची वरची कड माणसाच्या डोक्याच्या वर येते. शिपाई कडेच्या पायरीवर चढला की ग्लासीवरून बंदूक चालवू शकतो, खाली उतरला की दिसेनासा होतो. चालून येणाऱ्याला समोर फक्त गवताचा उतार दिसतो. इतकी विचारपूर्वक केलेली रचना, आणि फलकावर कव्हर्ड वे वाचून प्रेक्षक नकाशात छत शोधत बसणार.

'दमी-ल्यून' म्हणजे शब्दशः अर्धचंद्र, तटापुढे खंदकातलं सुटं बांधकाम. त्याला बहुतेक ठिकाणी रॅव्हलिन सापडतं. काही जुन्या इंग्रजी लेखनात हाफ-मून वेगळं आणि रॅव्हलिन वेगळं आहे. माझ्या मजकुरात एका उताऱ्यात 'दमी-ल्यून' आणि दुसऱ्यात 'रॅव्हलँ', असे दोन्ही शब्द आलेत. एकच समजू का?

'प्लास दार्म' तर तीन अर्थांनी आलंय. गावाच्या मधला मोठा चौक, शमँ कुव्हेरच्या कोपऱ्यांवरच्या रुंद जागा, आणि वेढ्याच्या वर्णनात हल्लेखोरांनी खणलेल्या चरांच्या समांतर ओळी, कारण व्होबाँच्या लेखनात त्यांनाही हाच शब्द येतो. तिन्हींना एकच इंग्रजी शब्द दिला तर वाचणाऱ्याचा गोंधळ नक्की.

मापंही आहेत. जुना फ्रेंच फूट, म्हणजे 'पिये', सुमारे ३२.५ सेंटिमीटरचा, इंग्रजी फूट ३०.४८ चा. तीस पिये उंचीच्या भिंतीला तीस फूट लिहिलं तर भिंत साठ सेंटिमीटरने बुटकी होते. सरळ मीटर द्यावेत असं माझं मत आहे.

शोननबुरच्या भागात 'यूझीन', 'क्लोश', 'तुरेल आ एक्लिप्स' आणि 'फ्यूझी-मित्रायर' यांची खात्री करून हवी आहे. तिथली यूझीन म्हणजे कारखाना नव्हे हे कळलंय, डिझेल इंजिनांवर वीज तयार करायची जागा आहे ती.

आगाऊ धन्यवाद.

---

प्रतिसाद १

मी बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून निवृत्त झालो, त्यामुळे हा धागा वाचून फार आनंद झाला. आमचं सॅपर हे नावच फ्रेंच 'सापर'वरून आलंय, वेढ्यात चर खणत पुढे सरकणारा तो.

कव्हर्ड वे बदलू नका. सैन्याच्या इंग्रजीत कव्हर म्हणजे छप्पर नव्हे, तर शत्रूच्या नजरेपासून आणि गोळीपासून मिळणारा आडोसा. संज्ञा बरोबर आहे, फक्त पहिल्यांदा येईल तिथे 'वरून उघडी, ग्लासीच्या आडोशातली' एवढं वाक्यातच घाला. पुढे सांगावं लागणार नाही.

प्लास दार्म तीन ठिकाणी तीन प्रकारे करा. गावातला चौक परेड ग्राउंड. कोपऱ्यातल्या जागा प्लेस ऑफ आर्म्स, तिथे शिबंदी जमून बाहेर छापा घालायची, तेही एका वाक्यात सांगून टाका. वेढ्यातल्या ओळींना पॅरलल.

यूझीनला पॉवर प्लांट. फ्यूझी-मित्रायरला लाइट मशीनगन. ऑटोमॅटिक रायफल म्हटलं तर आजचा माणूस वेगळंच हत्यार डोळ्यासमोर आणेल.

---

प्रतिसाद २

ताई, दमी-ल्यूनसाठी शब्दापेक्षा नकाशा बघा. दोन बुरुजांमधल्या सरळ तटापुढे खंदकात त्रिकोणी बांधकाम असेल तर ते रॅव्हलिन, मूळ लेखकाने काहीही म्हटलं तरी. तुम्ही म्हणता तो जुना इंग्रजी भेद जागेचा आहे: हाफ-मून बुरुजाच्या टोकापुढे असायचं. नफ-ब्रिझाकच्या आराखड्यात ही त्रिकोणी बांधकामं सरळ तटांपुढेच आहेत, म्हणून दोन्ही उताऱ्यांत रॅव्हलिन करा.

तुरेल आ एक्लिप्सला रिट्रॅक्टिंग टरेट, म्हणजे वरखाली होणारा तोफांचा पोलादी बुरूज. तोफा डागताना वर येतो आणि नंतर खाली बसून पोलादी टोपण काँक्रीटच्या पातळीला येतं. याउलट क्लोश, म्हणजे काँक्रीटमध्ये बसवलेला पोलादी घुमट, जागचा हलत नाही. त्याला नुसतं क्लोश म्हटलं तर इंग्रजी वाचकाला टोपी किंवा बागेतली काचेची घंटा आठवेल. फिक्स्ड आर्मर्ड क्युपोला असं लिहिलंत तर टरेटशी असलेला फरकही कळतो.

मापांबद्दल सहमत. मीटरच द्या.

---

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. आराखडा उघडून पाहिला, आठही बाजूंना त्रिकोण सरळ तटापुढेच आहेत, तेव्हा रॅव्हलिन पक्कं. प्लास दार्मची विभागणी तशीच घेते.

आता फक्त दोन रांगांची नावं राहिली. सध्या आतलीला इनर एन्सिन्त आणि बाहेरचीला आउटर फायटिंग लाइन असं लिहून ठेवलंय. यात 'स्यूर्ते' निसटतं, म्हणजे हीच रांग गावाचा शेवटचा भरवसा होती ही गोष्ट. कोणाला त्याहून नेमका शब्द सुचला तर जरूर सांगा, फलक शुक्रवारी छपाईला जाणार आहेत.