श्रावणात आईला मुक्तागिरीला न्यावे का?

प्रश्न (दर्यापूर तालुका):
पऱ्हाटीचे डवरणे (कपाशीची कोळपणी) आटोपले की आईला मुक्तागिरीची देवळे दाखवावी, असा विचार आहे. तिचे वय 68 असून गुडघे दुखतात. आम्ही जैन नाही; तरी कोरीव काम निवांत पाहता येईल काय, आणि पायऱ्या तिला झेपतील काय, हे कृपया कळवावे.

उत्तर (परतवाडा):
अवश्य या. बैतूल रस्त्याने खरपीपर्यंत येऊन आत वळावे. हे दिगंबर जैन सिद्धक्षेत्र, म्हणजे मुनींना मोक्ष मिळाल्याचे मानतात ते स्थान, कागदोपत्री मध्य प्रदेशात असले तरी आमच्या लेखी ते परतवाड्याचेच! डोंगरउतारावर 52 देवळे असून चढउतार मिळून सुमारे 600 पायऱ्या आहेत. सर्व देवळे पाहण्याचा हट्ट धरू नये. मात्र कातळात कोरलेले दहाव्या क्रमांकाचे मेंढागिरी मंदिर चुकवू नये. तेथील खांब व छत पाहताना उजेड तिरपा पडला की झिजलेली नक्षीही उठून दिसते. पट्टा, पाकीट अशा चामड्याच्या वस्तू खालीच ठेवाव्या लागतात.

उत्तर (अंजनगाव सुर्जी):
काकूंना श्रावणात नेऊ नये, असे माझे मत आहे. धबधबा तेव्हाच भरात असतो हे खरे, पण शेवाळलेल्या ओल्या पायरीवर अनवाणी पाय कसा सटकतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. दिवाळीनंतर सकाळी लवकर चढावे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. आई म्हणते, धबधबा नसेल तर जायचे कशाला? तेव्हा उघडीप पाहून निघू, आणि ती थकेल तेथूनच परत फिरू.