मदत हवी आहे: खादाडपणाचे जपानी शब्द

नमस्कार मंडळी, जपानी बोलीभाषेतल्या एका शब्दप्रयोगाबद्दल विचारायचंय. 'कुइशिंबो' म्हणजे खादाड, पण लाडाने. लोक स्वतःलाही म्हणवून घेतात. 'इजिकितानाइ' मात्र सरळ हावरट, तोंडावर म्हटलं तर अपमानच. मला अडलंय ते 'कुइइजि गा हात्तेरु'पाशी, म्हणजे 'खाण्याची फार हाव आहे'. ओसाका-क्योतोकडे ताटलीत संकोचाने उरलेल्या शेवटच्या तुकड्याला 'एन्र्यो नो कातामारि' म्हणतात (किती नेमकं!). समजा, तो शेवटचा ग्योझा (मोमोसारखा जपानी पदार्थ) ऑफिसातल्या बरोबरीच्या सहकाऱ्याने पटकन उचलला. तेव्हा त्याला हसत हसत 'कुइइजि गा हात्तेरु' म्हटलेलं चालेल, की ते फक्त घरच्यांत आणि जवळच्या मित्रांत? वरिष्ठांसमोर अर्थातच नाही. जपानात राहिलेल्यांनी कृपया कानावर पडलेली वाक्यं जशीच्या तशी लिहा, फार मदत होईल.