जुन्या मित्रांना मेसेज करावा का? घरच्या ग्रुपवरची चर्चा

छोटी: सगळ्यांना एक विचारायचंय. मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं, हॉस्टेल रिकामं करून घरी आले, तेव्हा शाळेतला आमचा अख्खा कट्टा पुन्हा जमला होता. व्हिडिओ कॉलवर, पण रोज रात्री. मग कॉलेजं उघडली, सगळे पांगले आणि ग्रुप गप्प झाला. आता कायमची परत आलेय. त्यातले काही जण इथेच आहेत. मेसेज टाइप करते नि खोडते.

दादा: खोडू नकोस, पाठव. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हेच तपासलं होतं. आपल्या मेसेजने समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज आपण कमीच धरतो. मेसेज जितका अनपेक्षित, तितका आनंद जास्त.

छोटी: पण लिहू काय? "कशी आहेस" विचारलं की "मस्त, तू?" एवढ्यावर संपतं.

आत्या: मग ते विचारूच नकोस. तुम्हा दोघींनाच माहीत असलेली एखादी गोष्ट काढ आणि लगेच वार-वेळ सांगून भेटायचं ठरव. "भेटू कधीतरी" म्हणून कुणी भेटत नाही गं.

मामा: आणि ग्रुपवर टाकू नकोस, एकेकाला वेगळा कर. ग्रुपवर जो तो दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतो. मुलांना गप्पांपेक्षा खेळायला किंवा फिरायला बोलाव. रॉबिन डनबार आणि सॅम रॉबर्ट्स या संशोधकांनी शाळा संपवून बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या मैत्रीचा दीड वर्ष माग काढला होता. मुलींची मैत्री बोलण्याने टिकली, मुलांची एकत्र काहीतरी करण्याने. आमच्या घरातही तेच दिसतं.

छोटी: खरी अडचण एका मित्राची आहे. २०२१ मध्ये त्याचे बाबा कोविडने गेले. कुणालाच जाता आलं नाही. तेव्हा मेसेज केला होता, त्याने वाचला, पण उत्तर दिलं नाही. आता एकदम "चल भेटू" कसं म्हणू?

काकू: बाळा, आधी त्याच्या बाबांबद्दलच लिही. माझी आई त्याच वर्षी गेली. मला त्रास होईल म्हणून लोक तिचा विषयच टाळायचे. मला मात्र कुणीतरी तिच्याबद्दल बोलावं असं फार वाटायचं. उत्तर द्यायचं तेव्हा माझ्याकडूनही राहून गेलं, पण ते मेसेज मी कितीदा वाचले असतील. "काकांची आठवण आली. तेव्हा यायचं राहिलं, आता येऊ का?" एवढं पुरे. नाही म्हणाला तर महिन्याभराने पुन्हा विचार.

दादा: आणि कुणालाही भेटल्या भेटल्या "सध्या काय करतोस" नको. त्या काळात कुणाची पदवी घरी बसून संपली, कुणाचं शिक्षणच सुटलं. ज्याला सांगायचंय तो आपणहून सांगेल.

छोटी: काकू, तू सांगितलंस तसंच त्याला लिहिलं, पाठवलंही. मैत्रिणीला रविवारी भेटायचं का विचारलंय.

आत्या: वेळ लिहिलीस का?

छोटी: सकाळी नऊ. तिचं "हो" आलंसुद्धा!