अंतराळातलं घर: तुम्ही वाचलेलं, तुम्हाला भावलेलं

लढाई नाही, परग्रहावरून हल्ला नाही. माणसं अंतराळात राहतात, स्वयंपाक करतात, रुसतात, म्हातारी होतात. अशी विज्ञानकथा वाचून तुमच्या मनात काय राहिलं? ठाणे-नवी मुंबईकरांनो, लिहा. सुरुवात मी करते.

बेकी चेंबर्स यांचं 'रेकॉर्ड ऑफ अ स्पेसबॉर्न फ्यू' (२०१८) मी ठाणे-नेरूळ लोकलमध्ये वाचलं. पृथ्वी सोडून गेलेल्यांचे वंशज जहाजांच्या ताफ्यात राहतात. तिथे माणूस गेला की देहाचं खत होतं, ते बागांच्या मातीत जातं. हे काम करणारी बाई ते किती मायेने करते! बाबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. थोडी राख गावच्या आंब्याच्या बुंध्याशी घालू, असं आई म्हणाली होती आणि मीच नको म्हटलं होतं. रबाळ्याला पुस्तक मिटलं ते नेरूळपर्यंत उघडलंच नाही. रात्री आईला तो सगळा भाग मराठीत सांगितला. ती बराच वेळ माझा हात धरून बसली.

वाशी
मीही तेच पुस्तक वाचलंय. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची; आईबाबा वाशीला आले तेव्हा आजूबाजूला झाडंही फारशी नव्हती म्हणे. त्यांच्या बोलण्यात कायम गाव. माझं गाव मात्र हेच, सेक्टरच्या नंबरांचं. ताफ्यात जन्मलेल्या मुलांना पृथ्वीची आठवण कुठून येणार? ती मुलं मला सख्खी वाटली.

ऐरोली (नोकरी महाप्याला, रात्रपाळी)
समँथा हार्वी यांची 'ऑर्बिटल', २०२४ चं बुकर पारितोषिक मिळालेली कादंबरी. सहा अंतराळवीर, एक दिवस, पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या. खऱ्या अंतराळ स्थानकातही साधारण ९० मिनिटांत एक फेरी होते, म्हणून दिवस सूर्यावर नाही, घड्याळावर ठरवतात. कथानक जवळजवळ नाही, पहिली पानं जड गेली. पण रात्रपाळीत माझंही तेच होतं, सकाळ कुठली ते कळत नाही. आता बायको आणि मी संध्याकाळी सातचा चहा चुकवत नाही. आमची सकाळ ती.

ठाणे, नौपाडा
वय ७१. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत भाग घेतला आणि बक्षीस मिळवलं. तेव्हापासून मराठी विज्ञानकथा वाचतोय. कल्पना आपल्याकडे भरपूर आहेत. अंतराळातल्या घरातली सासू, शेजारीण, उंबरठा मात्र फार थोड्यांनी लिहिला. कुणीतरी लिहा हो, मला वाचायचंय.

घणसोली
काकांचं वाचून माझ्या नऊ वर्षांच्या लेकीबद्दल सांगावंसं वाटलं. २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी अंतराळ स्थानकावर गाजराचा हलवा आणि आमरस नेला, तेव्हापासून तिला तिथल्या जेवणाचं फार कुतूहल. पावाचा चुरा हवेत तरंगतो म्हणून तिथे टॉर्टिया नेतात, असं सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पोळीच की!" सध्या ती एक गोष्ट लिहितेय. मंगळाकडे निघालेल्या यानात आज पोळ्या कोण लाटणार, यावर आजी आणि कप्तान बोलतायत. तीन पानं झाली आहेत.