सभासद वाढवायचे तर आधी ऐकून घ्या

युनियनचे सभासद वाढवायला वर्गणी कमी करा आणि पत्रकं जास्त वाटा, हा तुमचा उपाय मला पटत नाही. पत्रक खिशात जातं आणि तिथेच राहतं. माणूस युनियनमध्ये येतो तो भरवशाच्या सहकाऱ्यानं समोर बसून विचारल्यावर. त्या बोलण्यात आपण कमी बोलायचं. त्याला काय सलतंय, ऐनवेळी बदलणारी पाळी की ओव्हरटाइमचे अडकलेले पैसे, ते त्याच्याच तोंडून येऊ द्यायचं. मग सरळ विचारायचं, ‘यासाठी तुम्ही काय कराल?’

प्रत्येक खात्यात, प्रत्येक पाळीत लोक कुणाचा शब्द मानतात, याची यादी करा. मोठ्यानं बोलणारा तो असेलच असं नाही. बहुतेकदा नवख्याला काम शिकवणारी शांत व्यक्ती असते. ती आली की तिच्यामागून चारजण येतात.

पहिली मागणी लहान, पण जिंकता येईल अशी घ्या. निवेदनावर सह्या घ्या आणि ते सगळ्यांनी मिळून नेऊन द्या.

भीती खरी असते, तिला हसू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1949 च्या 98 क्रमांकाच्या करारात सभासदत्वावरून कामावरून काढण्याविरुद्ध संरक्षण आहे. आपल्या कायद्यात ते कितपत उतरलंय, हे वकिलाकडून समजून घ्या. आणि सभासदांची यादी कंपनीच्या ईमेलवर कधीही ठेवू नका.

वर्गणी थोडी असली तरी दरमहा घ्याच. हिशेब मात्र दर बैठकीत वाचून दाखवा.